सहनशीलता या विषयातला उमेदवार

५ जानेवारी

रोजनिशी सुरू. फक्त माझ्यासाठी. लॅबमध्ये मनातलं बोलायची सोय नाही आणि घरात ऐकून घ्यायची कोणाला सवय नाही.

या वर्षीचा संकल्प एकच: पीएच.डी.ला लागणे. मुलाखती मे महिन्यात. आमच्या मॅडमच्या लॅबला यंदा एकच जागा आहे आणि ती माझी आहे. मॅडम तसं अजून बोललेल्या नाहीत, पण चार वर्षं मी त्यांचा प्रोजेक्ट असिस्टंट आहे. उंदरांचे पिंजरे, पेशींच्या प्लेटा, फ्रीजमधल्या नळ्या, सगळं माझ्या जिवावर चालतं. पात्रता परीक्षा तिसऱ्या फटक्यात पास झालो. आधीच्या दोन्ही वेळी पेपर काढणारे मूर्ख होते.

विषय पक्का: इम्यून टॉलरन्स. मराठीत सहनशीलता. शरीराची संरक्षणव्यवस्था जंतूंवर तुटून पडते, पण अन्नाला, धुळीला, स्वतःच्या पेशींना हात लावत नाही. कोणाला सोडायचं आणि कोणाला झोडायचं, हे तिला कळतं कसं? फार सुंदर विषय. लॅबमधल्या एकाही गाढवाला त्यातलं सौंदर्य दिसत नाही.

९ जानेवारी

लॅबमध्ये नवीन मुलगी. विद्यापीठात पहिली आली होती म्हणे. तिचं नाव मी टॉपर ठेवलंय. मनात.

पहिल्याच दिवशी विचारते, सर, उंदरांच्या खोलीत तुम्ही मास्क लावत नाही का? म्हटलं, मास्क नवशिक्यांसाठी. माझे आणि उंदरांचे चार वर्षांचे घरोब्याचे संबंध आहेत. ती हसली नाही. विनोदबुद्धी शून्य.

मग मॅडमना विचारलं, मेमध्ये मीही अर्ज करू का? मॅडम म्हणाल्या, कोणीही करू शकतं. मॅडममध्ये हा एक दोष आहे. न्यायी आहेत.

२० जानेवारी

सर्दी. घरून निघताना ठीक होतो. लॅबमध्ये पोचून तासाभरात नाक गळायला लागलं, डोळे लाल, शिंकांवर शिंका. प्लेटमध्ये शिंक जाऊ नये म्हणून मान वळवली तर ती टॉपरच्या वहीवर गेली. वही तिथे कोणी ठेवली?

कारण शोधायला वेळ लागला नाही. घरात मांजर आहे.

मी ताईकडे राहतो. तात्पुरता, चार वर्षांपासून. मांजर भाचीचं. त्याचे केस माझ्या कपड्यांना चिकटून लॅबपर्यंत येतात आणि तिथे पोचल्यावर परिणाम सुरू करतात. घरात काही होत नाही, हाच त्यातला कावेबाजपणा.

२८ जानेवारी

जेवताना विषय काढला. भावोजी म्हणाले, मांजर या घरात तुझ्या आधीपासून आहे. भावोजींचं चष्म्यांचं दुकान आहे. गावाला दृष्टी देतात, स्वतः तेवढे कोरडे राहिले.

ताई म्हणाली, अरे, लहानपणी आपल्याकडे मांजरांची फौज होती, तू उशाशी घेऊन झोपायचास. तिला समजावून सांगितलं की शरीर बदलतं, आज चालणारी गोष्ट उद्या चालेनाशी होते. जेवण संपेपर्यंत समजावलं. भाची मांजर उचलून आतल्या खोलीत गेली. या घरात ज्ञानाची ही किंमत.

११ फेब्रुवारी

शेवटी मोबाईलमध्ये सुजलेल्या डोळ्यांचे फोटो काढून ताईला दाखवले. म्हटलं, मेमध्ये मुलाखत आहे, माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे. तुला भाऊ हवा की मांजर? तिने उत्तर द्यायला बराच वेळ घेतला, ते मी लक्षात ठेवलंय.

मुलाखतीपर्यंत मांजर भावोजींच्या एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाकडे. टोपलीत घालून नेलं. भाची दाराला धरून रडली. मी तिला जवळ घेऊन सांगितलं, बाळा, विज्ञानासाठी त्याग करावा लागतो. ती म्हणाली, मामा, तू कुठला केलास? चौथीतली पोर! हल्ली शाळेत उलट उत्तरं द्यायलाच शिकवतात.

१९ फेब्रुवारी

शिंका तशाच. मांजर गेलं तरी त्याचे केस मागे राहतात, हे शास्त्र आहे. सोफा धुवायला लावला. भावोजींनी स्वतः धुतला. माझ्याशी बोलत नाहीत. मला शांतताच हवी होती.

पडदे उद्या.

६ मार्च

सोफा, पडदे, गाद्या, सगळं झालं. सर्दी वाढली. आता मनगटांवर गांधीही उठतात.

शांतपणे, शास्त्रीय पद्धतीने विचार केला. जानेवारीत माझ्या आयुष्यात नवीन काय आलं? मांजर जुनं. लॅब जुनी. उंदीर जुने. नवीन एकच: टॉपर! ती आधी आली, सर्दी मागोमाग आली. हे इतके दिवस कसं सुचलं नाही? सेंट लावत असणार.

मॅडमना लेखी तक्रार दिली. सभ्य भाषेत. ‘काही व्यक्तींच्या अंगाचा वास’ एवढंच लिहिलं.

१० मार्च

मॅडमनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. टॉपर म्हणाली, मी सेंट लावतच नाही. म्हटलं, मग साबण. मॅडम मला काहीतरी बोलणार होत्या, तेवढ्यात तीच म्हणाली, असू दे मॅडम, बदलते साबण. पक्की राजकारणी. एका वाक्यात स्वतः मोठी झाली आणि मला लहान केलं.

बाहेर आल्यावर वर आणि काळजीच्या सुरात: सर, तुम्हाला उंदरांमुळे तर होत नसेल? पिंजरे बदलून आलात की जास्त होतं.

मी चिडलो. म्हटलं, चार वर्षं सोबत राहिल्यावर कोणी कोणाला अचानक सहन करेनासं होत नाही. उंदरांना बोलता येत नाही म्हणून त्यांच्यावर ढकलायचं? ती म्हणाली, बरं सर. तिच्या ‘बरं सर’मध्ये जो उद्धटपणा आहे तो शिवीत नाही.

२५ मार्च

टॉपरच्या अंगाला आता कसलाच वास येत नाही. शिंका चालूच. म्हणजे तिचा साबण नव्हता, तीच आहे. नुसत्या माणसाची ॲलर्जी होऊ शकते का, यावर कोणी काम केलेलं दिसत नाही. प्रस्तावात एक परिच्छेद घालावा का?

१२ एप्रिल

मॅडमनी प्रस्ताव वाचून परत दिला. लाल शाईने नुसता माखलाय. आधीच्या संशोधकांबद्दल मी ‘मूर्खपणा’ हा शब्द वापरला होता तो प्रत्येक ठिकाणी खोडलाय. समासात लिहिलंय: ‘सहनशीलता’ हा विषय आहे, सूरही थोडा तसा ठेव.

टॉपरच्या प्रस्तावावर लाल शाई कमी होती. तिच्या टेबलावरून जाताना सहज दिसली. सहज दिसावी म्हणून दोन वेळा गेलो.

४ मे

मुलाखत उद्या. सगळं पाठ आहे. शिंकांसाठी गोळी घ्यावी का? नको, झोप येते आणि बुद्धीची धार जाते. त्याऐवजी सकाळी लवकर लॅबमध्ये जाऊन उंदरांचे सगळे पिंजरे स्वतः बदलेन. उंदरांमध्ये माझं मन शांत होतं. टॉपरवर सोपवलं तर ती नक्की काहीतरी चुकवेल आणि उद्या मॅडमसमोर नाव माझं येईल.

५ मे

मुलाखत झाली. अप्रतिम.

डोळे थोडे सुजले होते, त्यामुळे पॅनेलवर किती जण आहेत ते नीट दिसलं नाही. मॅडम कोपऱ्यात. मधोमध हॉस्पिटलमधले एक वयस्कर डॉक्टर, टकले.

रेग्युलेटरी पेशींवर बोललो. म्हटलं, या पेशी म्हणजे घरातली वडीलधारी माणसं. बाकीच्या पेशी कारण नसताना भांडायला उठल्या की या म्हणतात, बसा खाली. उदाहरण सगळ्यांना आवडलं. प्रत्येक मुद्द्यानंतर एक शिंक येत होती, त्यामुळे मुद्दे ठसत गेले.

टकल्यांनी विचारलं, शरीर निरुपद्रवी गोष्टीलाच शत्रू समजायला लागलं तर? मी फळ्यावर आकृती काढून सगळं फडाफडा सांगितलं. अँटिबॉडी कुठली, पेशी कुठली, हिस्टामीन कधी सुटतं. म्हटलं, वर्षानुवर्षं एखाद्या गोष्टीचा संपर्क असतो, काही होत नाही, आणि एक दिवस तोल जातो. ते म्हणाले, छान, उदाहरण द्या. म्हटलं, शेंगदाणे.

मग ते माझ्या डोळ्यांकडे बघायला लागले. हे कधीपासून? म्हटलं, जानेवारीपासून, साधी सर्दी. वाढते कधी? सोमवारी. रविवारी? रविवारी नसते. गावाला गेल्यावर? तिथे तर बिलकूल नव्हती. मग तुमच्या मते कारण काय? मी स्पष्टच सांगितलं, लॅबमधली काही माणसं. मॅडमनी कपाळाला हात लावला.

टकले म्हणाले, आणि लॅबमध्ये माणसांशिवाय काय काय असतं? सोपा प्रश्न. फ्रीज, इन्क्युबेटर, मायक्रोस्कोप, सेंट्रिफ्यूज. ते थांबले. अजून? म्हटलं, वॉटर बाथ. ते अजून थांबले. मला यंत्रांची माहिती किती आहे ते बघत असणार. झाडून सगळी यंत्रं सांगितली, छतावरच्या पंख्यासकट. शेवटी त्यांनीच मला पाणी दिलं.

इतकी आपुलकी इतर उमेदवारांना मिळाली नसेल.

१८ मे

यादी लागली. टॉपर.

मॅडमना विचारलं, माझ्याबद्दल पॅनेलने काय लिहिलं? त्या सांगायला तयार नव्हत्या. मी हटलो नाही. लिहिलंय: ‘वाचन उत्तम. निरीक्षण नाही.’

निरीक्षण नाही! सुजलेल्या डोळ्यांनी माणूस काय निरीक्षण करणार? त्या म्हणाल्या, त्या डॉक्टरांना एकदा भेटून घे, त्यांनी मुद्दाम सांगितलंय. म्हटलं, जखमेवर मीठ चोळून घ्यायला मी स्वतः चालत जाऊ? नाचता येईना अंगण वाकडं, असं त्या म्हणाल्या नाहीत, पण चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

संध्याकाळी टॉपर पेढ्याऐवजी चॉकलेट घेऊन आली. मी नको म्हटलं. नंतर ती गेल्यावर खाल्लं. बरं होतं.

३० मे

आजपासून उंदरांच्या खोलीत मी एकटाच काम करणार, दार लावून. टॉपरला आत पाऊल ठेवू देणार नाही. तिला पीएच.डी. मिळाली असेल, उंदीर मिळणार नाहीत.

२ जून, हॉस्पिटल

डाव्या हाताने लिहितोय, उजव्याला सलाईन आहे.

दार लावून पिंजरे बदलत होतो. एका उंदराने बोटाला चावा घेतला. लहान चावा. थोड्या वेळात छातीवर कोणीतरी बसल्यासारखं झालं. श्वास आत जाईना. दाराची कडी हाताला सापडेना. ओरडायला गेलो तर नुसती शिट्टी वाजली.

टॉपरने बाहेरून दार धडाधडा वाजवलं म्हणे, मग वॉचमनला बोलावून कडी तोडली. मला खांद्याला धरून ओढत बाहेर आणलं. गाडीत पूर्ण वेळ माझं डोकं धरून बसली होती आणि म्हणत होती, सर, श्वास घ्या, सर, माझ्याकडे बघा. मी बघत होतो. दुसरीकडे बघायची ताकद नव्हती.

ताई आली ती पदराने डोळे पुसतच. भावोजीही आले. दुकान बंद करून. बोलले नाहीत, पण रात्रभर बाकावर बसले होते, असं नर्स म्हणाली.

हे सगळं अपमानाच्या मानसिक ताणामुळे झालं, यात शंका नाही.

१० जून

टकल्या डॉक्टरांकडे टेस्ट. हातावर औषधांच्या थेंबांची ओळ, प्रत्येक थेंबातून सुईचा हलकासा टोचा. धूळ, परागकण, झुरळ, मांजर, उंदीर. थोडा वेळ बसायचं.

उंदराच्या जागी गोटीएवढी गाठ आली आणि भोवती लालेलाल. मांजराच्या जागी काही नाही. सपाट.

म्हटलं, मांजराचा थेंब जुना असेल. त्यांनी नवी बाटली फोडून दुसऱ्या हातावर टाकला. सपाट. म्हटलं, साबण? ते म्हणाले, साबण नाही, सेंट नाही, बाकी कोणी नाही. इतकी वर्षं उघड्या नाकाने उंदरांची धूळ ओढलीत, शरीराने डूख धरलाय. यापुढे त्या खोलीत पाय ठेवायचा नाही.

म्हटलं, पण माझं करिअर? म्हणाले, उंदरांशिवायही इम्युनॉलॉजी असते. माणसांच्या रक्तावर काम करा, कंप्युटरवर करा, पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखतीला या. म्हटलं, माझा विषय सहनशीलता आहे. म्हणाले, हो, आठवतंय.

१५ जून

घरी सांगितलं की नवीन माहिती हाती आली आहे. संशोधनात असं होतं. भावोजींनी एकच विचारलं, आणि मांजर? म्हटलं, मांजर सध्या तरी निर्दोष धरायला हरकत नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि उठून गेले.

ताई म्हणाली, जा आणि घेऊन ये. इतका कोरडा आवाज तिने लहानपणीही कधी लावला नव्हता.

२१ जून

भाचीला घेऊन मांजर आणायला गेलो. टोपली तिने धरली होती. घरूनच धुऊन पुसून घेतलेली.

म्हातारा-म्हातारी दोघंच राहतात. म्हाताऱ्याचे पाय गेलेत, दिवसभर खुर्चीत. मांजर त्याच्या मांडीवर. चांगलं गुटगुटीत झालंय. म्हातारी म्हणाली, आम्हाला वाटलं कायमचं दिलंत. यांना आता त्याच्याशिवाय दुपार जात नाही हो.

मी तात्पुरतं या शब्दाचा अर्थ समजावून सांगायला लागलो. म्हातारा मांजराच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. ऐकू कमी येत असावं. किंवा ऐकायचं नसावं.

भाचीने विचारलं, आजोबा, मी हात लावू? मांजराने तिचा हात हुंगला, ओळखलं, खाली उतरून पायांत घोटाळलं. मग पुन्हा म्हाताऱ्याच्या मांडीवर उडी मारून बसलं. मी आणखी बोलणार होतो. भाची म्हणाली, चला.

तू नाही, चला. परत येताना ती रिकामी टोपली घेऊन पुढे चालत होती. मी हात पुढे केला तर टोपली दुसऱ्या हातात घेतली. घरी आल्यावर आईला म्हणाली, त्यांना जेवायला वाढ.

त्यांना! या पोरीला गणित कोणी शिकवलं? पाढे कोणी पाठ करून घेतले? दुसरं मांजर आणून देतो म्हटलं. तिने ऐकलंच नाही. हट्टी आहे. भावोजींवर गेली आहे.

९ जुलै

मॅडमनी मला बाहेरच्या पॅसेजमध्ये टेबल दिलंय. केमिकल मागवणे, बिलं लावणे, डेटा भरणे. खिडकी आहे. सर्दी पूर्ण बंद. टॉपरपासून लांब बसतो म्हणून.

शेजारच्या इमारतीत माशांवर काम करणारी लॅब आहे. पीएच.डी.साठी तिथे चौकशी केली. माशांना केस नसतात. त्यांच्या सरांनी मॅडमना फोन करून माझ्याबद्दल विचारलं. मॅडमनी खरं सांगितलं.

मासे तसेही मंद असतात.

१८ ऑगस्ट

टॉपरच्या पीएच.डी.चा विषय मंजूर झाला: प्रयोगशाळेतले उंदीर काही माणसांना वर्षानुवर्षं चालतात आणि मग एकदम का चालेनासे होतात. विषय माझा आहे हे आंधळ्यालाही दिसेल. मॅडमना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, हो, तुझ्यावरूनच सुचला. पुढचं वाक्य ऐकायला मी थांबलो. पुढचं वाक्य नव्हतं.

दुपारी टॉपर माझ्या टेबलाशी आली. हातात संमतीपत्र, नळ्या, सुई. म्हणाली, सर, तुमचं रक्त मिळेल का? पीएच.डी. संपेपर्यंत दर काही महिन्यांनी थोडं थोडं. आतापर्यंत जेवढ्यांना विचारलं त्यांच्यात तुमच्याइतकी जोरदार रिॲक्शन कोणाचीच नाही. या लॅबमध्ये माझ्याबद्दल इतकं चांगलं आजवर कोणी बोललं नव्हतं.

लगेच होकार दिला नाही. अटी घातल्या. म्हटलं, थीसिसमध्ये माझं नाव यायला हवं. ती म्हणाली, नियमात बसत नाही, रक्त देणाऱ्याची ओळख उघड करता येत नाही. म्हटलं, मग आभाराच्या पानावर? म्हणाली, तिथे सगळ्यांचे मिळून एक वाक्य असतं. म्हटलं, निदान पहिला नंबर द्या. म्हणाली, नंबर कंप्युटर देतो, सर, माझ्या हातात नाही.

मी संमतीपत्र पूर्ण वाचलं. दोन चुका काढल्या. तिने दुरुस्त केल्या आणि थँक यू म्हणाली. सही केली.

बाही वर केली. शीर सापडायला वेळ लागला, पण तिचा हात हलका आहे. मूठ घट्ट वळा, सर, म्हणाली. वळली.

आता सोडा, म्हणाली.

सोडली.